दुर्गेसाबांचा हिरवा पंख

पहिल्याच भेटीत दुर्गेसाबांनी मला गप्प बसवलं होतं, आणि त्याबद्दल मी त्यांना बरेच दिवस माफ केलं नव्हतं.

आदिलाबादेजवळच्या एका सरकी तेलाच्या कारखान्यात मी नुकतीच कारकून म्हणून लागले होते. जिल्हा तेव्हा आंध्र प्रदेशात होता. मालक हैदराबादला राहायचे, आणि त्यांचं स्वतःचं एक छोटं विमान होतं. एका इंजिनाचं, चार माणसांचं. कारखान्यामागं मुरूम दाबून केलेली धावपट्टी होती आणि तिच्या टोकाला पत्र्याची शेड. विमानाचे कागद सांभाळणं माझ्याकडे आलं. माझं माहेर भैंशाचं, जिनिंगच्या भोंग्यावर वाढलेली मी. विमान एवढ्या जवळून बघायची पहिलीच वेळ. मोठ्या उत्साहानं शेडमध्ये गेले आणि म्हटलं, "नमस्कार, मी देशपांडे, नवीन..."

विमानात एक सावळा, काटकुळा, पन्नाशीचा माणूस डोळे मिटून बसला होता. इंजिन बंद होतं. त्यानं एका लाकडी पट्टीचं टोक समोरच्या घड्याळांच्या फळीला टेकवलं होतं आणि दुसरं स्वतःच्या कानाला. माझा आवाज ऐकून त्यानं डोळे न उघडता डाव्या हाताचं बोट वर केलं.

"थांबा बाई. तो बोलून राह्यला."

कोण बोलतंय ते मला कळेना. मी उभीच. बोट तसंच वर. पाचेक मिनिटांनी बोट खाली आलं, डोळे उघडले आणि चेहऱ्यावर, परीक्षेत पोरगं पास झाल्यासारखं, समाधान दिसलं.

"जायरो," ते म्हणाले. "भवरा हाये आतमंदी. इंजिन बंद केलं तरी फिरत राह्यते. मरता मरता कसा आवाज करते त्याच्यावरून समजते, बेअरिंग चांगलं हाये का नाई. आता बोला."

आता काय बोलायचं होतं, कपाळ! मी कागद ठेवून परत आले.

दुर्गेसाब भीमपूरकडचे. वडील दुसऱ्यांच्या शेतांत राबलेले. हे शिकले, हवाई दलात गेले, विमानातल्या उंची-वेग दाखवणाऱ्या घड्याळांची कामं शिकले आणि नोकरी संपवून जिल्ह्यात परतले. त्यांच्या गावात 'साहेब' हा शब्द फक्त बाबासाहेबांसाठी वापरतात, असं ते म्हणायचे, म्हणून 'दुर्गेसाहेब' म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. मग निजामाच्या वेळेपासून इथं चालत आलेलं 'साब' लागलं. ते चालायचं.

विमानात ऑटोपायलट नावाची एक पेटी होती. वैमानिकानं हँडल सोडलं तरी ती विमान सरळ ठेवते. आमचे कॅप्टन तिवारी कानपूरकडचे, एकटेच उडवायचे. नकाशा बघायचा, रेडिओवर बोलायचं, हिशोबाचा आकडा मांडायचा, तेवढा वेळ हात मोकळे राहावेत म्हणून ती पेटी. तिवारीजी तिला 'दूसरी बीवी' म्हणायचे. दुर्गेसाबांना ते आवडायचं नाही. "बायको असती तं तुमाले कवाच सोडून गेली असती," असं ते त्यांच्या तोंडावर, पण मराठीत म्हणायचे.

त्या पेटीवर त्यांचा जीव होता आणि विश्वास अजिबात नव्हता. "आधी हातानं, मंग यंत्रानं," हे त्यांचं पालुपद. विमान आधी हातानं सरळ उडतं का ते बघा. नसेल उडत, तर पेटीला कशाला दोष देता? दुसरं पालुपद असं, "यंत्र खोटं नाई बोलत. आपन त्याले खोटा सवाल पुसतो."

एका हिवाळ्यात विमान डुलायला लागलं. ऑटोपायलट लावला की एक पंख खाली, मग दुसरा, पाळण्यासारखं. मुंबईहून एक तंत्रज्ञ आला. त्याची बॅग बघूनच मॅनेजर रावगारू खूश झाले. त्यानं दोन दिवस तारा तपासल्या आणि पेटी बिघडली, बाहेर पाठवावी लागेल, असं सांगितलं. दुर्गेसाब कोपऱ्यात भाकरी खात बसले होते. पंखावरची नजर न काढता ते म्हणाले, "सकाळी डुलते. दुपारी काऊन नाई डुलत?"

तंत्रज्ञ म्हणाला, योगायोग.

दुसऱ्या दिवशी पहाटे, आदिलाबादच्या त्या हाडं गोठवणाऱ्या थंडीत, दुर्गेसाबांनी आम्हा सगळ्यांना शेडमध्ये उभं केलं. पंखांकडे जाणाऱ्या पोलादी केबलवर ताण मोजायचं यंत्र लावलं. केबल ढिली. दुपारी उन्हात परत लावलं. केबल बरोबर. मला काही समजलं नाही हे त्यांनी ओळखलं.

"विमानाचं अंग अल्युमिनियमचं, बाई. थंडीत ते जास्त आकसते, पोलाद तेवढं आकसत नाई. मानूस आकसला का धोतर ढिलं होते, तसं हाये हे."

तंत्रज्ञसुद्धा हसला. केबलचा ताण त्या दिवसाच्या थंडीप्रमाणे लावला आणि विमान डुलायचं थांबलं. पेटी जागची हललीही नाही.

आता त्यांच्या ज्या खोडीची आम्ही सगळे टिंगल करायचो, ती सांगते. दुर्गेसाब डावा-उजवा हे शब्द उच्चारायचे नाहीत. विमानाच्या डाव्या पंखाच्या टोकाला लाल दिवा असतो, उजव्याच्या टोकाला हिरवा. जगातल्या सगळ्या विमानांना तसाच. म्हणून ते 'लाल पंख' आणि 'हिरवा पंख' म्हणायचे. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण चहाचा कप 'हिरव्या हाताले ठेवा', चप्पल 'लाल पायाची तुटली', असं चालायचं. विमानात बसल्यावर तरी तसंच बोलायची सवय त्यांनी कॅप्टन तिवारींनाही लावून ठेवली होती.

मी एकदा वैतागून विचारलं, "साधं डावं-उजवं म्हणायला काय होतं हो तुम्हाला?"

"कोनाच्या भाषेतलं?" ते म्हणाले. "मॅनेजर तेलुगु. कॅप्टन हिंदी. मी अन् तुमी मराठी. आपला डावा अन् हिंदीवाल्याचा दायाँ, कानाले सारखेच वाटतात. पन एक या हाताले जाते, एक त्या हाताले. जमिनीवर रस्ता चुकते मानूस, लोकाले पुसून परत येते. वरतं कोनाले पुसता?"

मला ते पटलं नव्हतं. मला हिंदी येत होती, वर्गात पहिली यायचे मी. अशी चूक अडाण्यानं करावी, असं माझं मत. आणि खरं सांगायचं तर, शेतमजुराच्या मुलानं मला भाषा शिकवावी, हेही कुठंतरी टोचत होतं. आज ते लिहिताना लाज वाटते.

पुढं रावगारूंनी नवीन छापील फॉर्म आणले. विमानात बिघाड काय, त्याच्या चौकटी. कॅप्टन उतरले की मी त्यांना विचारून खुणा करायच्या आणि फॉर्म दुर्गेसाबांना द्यायचा. त्यात दोन चौकटी होत्या, लेफ्ट आणि राइट. दुर्गेसाबांनी लाल-हिरवा छापा म्हणून सांगून बघितलं. रावगारू म्हणाले, "ये ऑफिस है, होली नहीं." मीही हसले. सगळ्यात मोठ्यानं मीच हसले असेन.

पावसाळ्याच्या तोंडाशी एक दिवस कॅप्टन तिवारी बेज्जूरच्या जंगलावरून चक्कर मारून उतरले. त्यांना लगेच हैदराबादला निघायचं होतं, मालकांना आणायला. मध्ये तासाभराचा वेळ, आणि रावगारूंनी बंगल्यावर जेवायला बोलावलेलं. माझ्या टेबलाशी न थांबता, चालता चालता ते म्हणाले, "मैडम, लिख दीजिए, ऑटोपायलट लगाते ही दायें को खींचता है. दुर्गेजी ज़रा देख लें."

दायें. मी ऐकलं. माझ्या मनात ते 'डावं' होऊन उतरलं आणि हातानं 'लेफ्ट'च्या चौकटीत खूण केली. एवढं सोपं होतं ते. मला जाणवलंसुद्धा नाही.

फॉर्म घेऊन शेडमध्ये गेले. दुर्गेसाबांनी इंजिन चालू करून पेटी लावली आणि हँडल सोडलं. फळीवर एक बारीकसं भोक असतं, त्याच्या आत स्क्रू. विमान एका बाजूला ओढत असेल तर तो जरासा विरुद्ध बाजूला फिरवायचा. ते हँडलकडे बघत बसले. मग इंजिन बंद करून खाली उतरले, कागद हातात घेतला आणि परत हँडलकडे बघितलं.

"बाई, जमिनीवर हे हिरव्याकडं सरकून राह्यलं. थोडंसं. अन् कागद म्हनते हवेत लालकडं ओढते. कसं जमते?"

"ते मला काय माहीत?"

"कॅप्टन काय म्हनले? नेमका शब्द सांगा."

"डावीकडे ओढतं म्हणाले."

"असंच म्हनले? डावीकडं?"

मला राग आला. बंगल्यावर जेवणं चालली होती, माझा डबा टेबलावर थंड होत होता, आणि हा माणूस माझी उलटतपासणी घेत होता. "मी काय बहिरी आहे का, दुर्गेसाब? माझ्या कानांनी ऐकलंय."

त्यांनी बंगल्याकडे पाहिलं. मला वाटतं, त्या क्षणी ते जाऊन विचारणार होते. पण बंगल्याच्या पायरीशी त्यांना कधी कोणी 'या' म्हटलं नव्हतं, हेही मला माहीत होतं. ते परत माझ्या कागदाकडे वळले.

"तुमचं अक्षर आजवर खोटं नाई निंगालं," ते म्हणाले, आणि छत्रीच्या काडीचा घासून केलेला त्यांचा तो बारीक पेचकस भोकात घालून त्यांनी स्क्रू अर्धा फेरा हिरव्याकडे फिरवला.

चाचणीला वेगळा वेळ नव्हता. रावगारू म्हणाले, वाटेतच बघून घ्या. दुर्गेसाबांचा एक नियम होता, "जो स्क्रू फिरवते, तो पयले बसते." ते शर्ट झटकून कॅप्टनच्या शेजारी जाऊन बसले. विमान निर्मळच्या दिशेनं गेलं. मी डबा उघडला.

जायला-यायला अर्धा दिवस लागायला हवा होता. जेमतेम पाऊण तासात विमानाचा आवाज परत आला. रावगारू बाहेर धावले, मीही. विमान उतरलं, पट्टीच्या मधोमधच थांबलं, आणि बराच वेळ त्यातून कोणीच उतरलं नाही.

वर काय झालं ते नंतर मी दोघांकडून ऐकलं. निर्मळच्या घाटावर ढग होते. कॅप्टननी ऑटोपायलट लावला, हँडल सोडलं आणि गुडघ्यावर नकाशा पसरला. आधीच उजवीकडे ओढणाऱ्या विमानाला आता दुप्पट ओढ होती. ढगात वर-खाली काही दिसत नाही, आणि विमान हळूहळू कललं तर अंगालाही कळत नाही. आपण सरळच बसलोय असं वाटतं. विमान कलत गेलं, नाक खाली जात गेलं. कॅप्टनची मान नकाशात. दुर्गेसाबांची नजर घड्याळांवर होती. उंचीचा काटा उलटा फिरायला लागलेला त्यांना दिसला.

ते ओरडले, "हिरवा! कॅप्टन, हिरवा खाली!"

कॅप्टन तिवारी मला म्हणाले होते, "मैडम, मैंने सोचा नहीं. हरा सुना, और हाथ अपने आप चला." त्यांनी पेटी बंद केली, उजवा पंख उचलला, नाक वर ओढलं. ढग संपला तेव्हा खाली सागाची झाडं होती. झाडांची पानं वेगवेगळी दिसत होती, असं ते म्हणाले.

दुर्गेसाब पट्टीवरून चालत सरळ माझ्या टेबलाशी आले. शर्ट घामानं पाठीला चिकटलेला.

"नेमका शब्द, बाई."

"दायें," मी म्हटलं. "दायें म्हणाले होते."

त्यांनी मान हलवली आणि माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

हैदराबादहून चौकशीला अधिकारी येणार हे कळल्यावर मी दुर्गेसाबांसमोर रडले. माझी नोकरी जाईल, घरी काय सांगू, एवढं लपवा. मनातून मला खात्री होती की ते लपवतील. असला देवमाणूस दुसरं काय करणार?

"नाई लपवनार," ते म्हणाले. "चूक दोन जनाची हाये. तुमची लिवायची, अन् माझी न पुसायची. यंत्र मले खरं सांगून राह्यलं होतं, मी कागदाचं आयकलं. माझी मोठी हाये. पन तुमची लपवली, तं उद्या दुसरं कोनी असंच लिवन, अन् तवा हिरवा म्हननारा कोनी शेजारी नसन."

त्यांनी सगळं लिहून दिलं. माझं नाव, माझं वाक्य, 'मी काय बहिरी आहे का' हेसुद्धा. स्वतःबद्दल त्याहून जास्त लिहिलं. विमान उडायला ठीक आहे, अशी सही करायचा त्यांचा अधिकार काढून घेतला गेला. पुन्हा परीक्षा द्या, मग बघू. पन्नाशी उलटलेला माणूस, ज्याला जायरोच्या मरणाचा आवाज पाठ होता, तो वर्षभर दुसऱ्याच्या सहीखाली काम करत राहिला. मला कॅन्टीनच्या भांडारात पाठवलं. मी तेलाचे डबे मोजत त्यांना शिव्या घातल्या. ते वाटेत दिसले की मी मान फिरवायचे. ते मात्र दर वेळी म्हणायचे, "नमस्कार, बाई."

वर्षानं ते परीक्षा पास झाले. पहिलं काम काय केलं असेल? रावगारूंकडून फॉर्म नवीन छापून घेतला. लेफ्ट-राइटच्या जागी दोन गोल, एक लाल, एक हिरवा. आणि कागदांचं काम देशपांडेबाईंनाच द्या, असं सांगितलं. रावगारूंनी विचारलं, उसी को? दुर्गेसाब म्हणाले, "ती आता नाई चुकनार. दुसऱ्याले अजून चुकायचं बाकी हाये."

ते मला रावगारूंनीच सांगितलं. मी शेडमध्ये गेले, काहीतरी बोलावं म्हणून तोंड उघडलं. ते पट्टी कानाला लावून बसले होते. बोट वर झालं. या वेळी मी थांबले, आणि मला तो आवाज पहिल्यांदा ऐकू आला, शेवटपर्यंत.

पुढं विमान विकलं गेलं, दुर्गेसाब निवृत्त होऊन भीमपूरला गेले, मीही निवृत्त झाले. तेलंगण वेगळं व्हायच्या आदल्या वर्षी त्यांच्या मुलीचा, सुजाताचा फोन आला. ती शाळेत शिक्षिका. वडिलांना अर्धांगाचा झटका आला, आदिलाबादला दवाखान्यात आणलंय, म्हणाली. मी रिक्षा करून गेले.

सुजाता बाहेरच रडत उभी होती. "मावशी, बाबांचं डोकं गेलं म्हणतात. काईच्या काई बोलून राह्यले."

आत एक तरुण तेलुगु डॉक्टर पलंगाशी उभा होता. दुर्गेसाब किती वाळले होते! तोंड एका बाजूला ओढलेलं. डॉक्टर हिंदीत मोठ्यानं विचारत होता, "बाबा, कौनसा हाथ नहीं उठ रहा? दायाँ या बायाँ?"

दुर्गेसाबांनी जीभ गोळा केली. "हि... हिरवा."

डॉक्टरनं मान हलवली आणि कागदावर लिहिलं. मी त्याच्या खांद्यावरून वाचलं. समज नाही, असं इंग्रजीत लिहिलेलं होतं.

"डॉक्टर, खोडा ते," मी म्हटलं. माझा आवाज किती चढला ते नंतर सुजातानं सांगितलं. मग हिंदीत म्हटलं, "वो सही बोल रहे हैं. हिरवा मतलब हरा, और हरा मतलब दायाँ. उनसे पूछिए, लाल कौनसा."

डॉक्टरनं माझ्याकडे वेड्या बाईकडे बघावं तसं बघितलं. पण विचारलं. "बाबा, लाल?"

दुर्गेसाबांनी डावा हात उचलला. स्वच्छ, सरळ, पलंगापासून वर. मग बाकीची बोटं मिटली आणि एकच बोट वर राहिलं. ते बोट मी ओळखत होते. ते मला थांबवत होतं.

डॉक्टरनं ओळ खोडली आणि विचारलं, मग काय लिहू? मी कागद मागून घेतला, त्यावर लिहिलं आणि दुर्गेसाबांच्या कानाशी वाकले.

"दुर्गेसाब, लिहिलेलं वाचून दाखवते. चूक असेल तर सांगा. उजवी बाजू."

त्यांनी मान हलवली. नाही. बोट वरच.

मी हसले, आणि रडलेही. "हिरवी," मी म्हटलं. "हिरवी बाजू."

बोट खाली आलं.